चाळकेवाडीचे पंखे : इतकं सावकाश फिरून वीज होते तरी कशी?

ठोसेघरचा पाहुणा (रविवार, रात्री ९:४०)

गेल्या आठवड्यात भाचीला घेऊन साताऱ्याला गेलो होतो. बोगदा, सज्जनगडाचा फाटा, ठोसेघरचा धबधबा असं करत पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पोचलो. धुकं इतकं की पवनचक्की दिसायच्या आधी ऐकू आली. हूप... हूप... हूप. मग ढग एकदम विरला आणि थेट डोक्यावरून पातं गेलं. दोघंही खाली वाकलो. पातं बरंच उंच होतं, पण वाकलो.

भाची आठवीत आहे. जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, आपला घरातला पंखा याच्यापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि वीज खातो. हा एवढा सुस्त, आणि हा वीज करतो?"

मी "आत डायनॅमो असतो" म्हणून वेळ मारून नेली. मग तिचा पुढचा प्रश्न: शेजारचे तीन पंखे बंद का? भजीवाल्या मावशींनी त्यात भर घातली: पंखे उशाशी असूनही आदल्या रात्री त्यांच्याकडे लाइट नव्हती. आणि या पंख्यांमुळे ढग पळून जातात. (हे त्या ताडपत्रीखाली, धो धो पावसात सांगत होत्या.)

इथे कोणी जाणकार असतील तर सांगा. भाचीला उत्तर द्यायचंय, त्यामुळे जरा समजेल असं.

चिंचेचं बोटूक (रविवार, रात्री १०:०५)

वाचतेय. घरच्या पंख्याचा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता याची लाज वाटली.

फुकटचा सल्ला (रविवार, रात्री १०:२०)

सोपं आहे. घरचा पंखा सासरी आलेला, म्हणून खातो. डोंगरावरचा माहेरी आहे.

लोकेशन सतरा (रविवार, रात्री ११:३०)

नऊ वर्षं पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला होतो, आता दुसरीकडे आहे. आम्ही पंखा म्हणत नाही, मशीन म्हणतो आणि प्रत्येक मशीनला लोकेशन नंबर असतो. माझं नाव त्यातलंच.

आधी भाचीचा प्रश्न. सुस्त हा डोळ्यांचा घोटाळा आहे. ६०० किलोवॅटचं एक जुनं मशीन घ्या, पात्यांच्या घेराचा व्यास ४४ मीटर. घेर झाला साधारण १३८ मीटर. चांगल्या वाऱ्यात ते मिनिटाला ३० फेरे घेतं, म्हणजे दोन सेकंदांत एक. तेवढ्यात पात्याचं टोक १३८ मीटर पळून येतं. ताशी अडीचशे किलोमीटर झाले! तुमचा छताचा पंखा चार फुटी, मिनिटाला साडेतीनशे फेरे मारून त्याचं टोक जेमतेम ताशी ऐंशीनं पळतं. तेव्हा सुस्त कोण ते भाचीलाच ठरवू द्या. हूप आवाज येतो तो याच वेगाचा.

आता फिरतं कसं. बहुतेकांना वाटतं की वारा पात्याला ढकलतो, पोरांच्या भिरभिऱ्यासारखा. तसं नाही. एसटीच्या खिडकीवर 'हात बाहेर काढू नये' लिहिलेलं असतं, तरी लहानपणी काढला असेलच. तळहात आडवा धरून पुढची कड किंचित उचलली की हात आपोआप वर जातो. वारा समोरून येतो आणि हात जातो वर, मागे नाही. पात्याचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो तो एवढ्याचसाठी. वारा समोरून येतो, पातं त्याला आडवं पळतं, म्हणून वाऱ्यापेक्षा कितीतरी जोरात पळू शकतं. ढकलण्यावर चालणारी चक्की वाऱ्याच्या पुढे कधीच जाऊ शकत नाही.

बाकी उद्या. सकाळी ड्युटी आहे.

दर्यावर्दी (सोमवार, सकाळी ७:१५)

हे आमच्याकडे शिडाच्या होडीवर वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही. वारा बाजूनं घेतला की होडी जी सुटते ती पाठीवर वारा घेऊन कधी सुटत नाही. पवनचक्की म्हणजे तीन शिडं खांबाला बांधून गोल फिरायला लावलेली.

लोकेशन सतरा (सोमवार, रात्री ९:१०)

दर्यावर्दी, हे मी आता सगळ्यांना सांगणार.

वीज. फॅरेडेनं १८३१ साली जे दाखवलं तेच: तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज. सायकलच्या डायनॅमोपासून कोयनेच्या जनरेटरपर्यंत सगळीकडे हेच, फक्त फिरवणारा वेगळा. वरच्या त्या डब्याला नॅसेल म्हणतात. पात्यांचा दांडा त्यात शिरतो आणि गिअरबॉक्सला जातो. पाती ३० फेरे घेतात, जनरेटरला १५०० हवेत, म्हणजे पन्नासपट वाढवायचे. नव्या मोठ्या मशीनची पाती मिनिटाला दहा-पंधराच फेरे घेतात, तिथे शंभरपट. सगळी रडगाणी या गिअरबॉक्सचीच. तेल गळतं, बेअरिंग जातं. काही कंपन्यांनी गिअरबॉक्स काढूनच टाकला आणि जनरेटर एवढा मोठा, इतक्या चुंबकांचा केला की सावकाश फिरूनही भागतं. नॅसेल लांबट खोक्यासारखं नसून अंड्यासारखं गोल दिसलं तर ते बहुधा बिनगिअरचं.

जनरेटरमधून ६९० व्होल्टची वीज निघते, टॉवरमधून केबलनं खाली येते, पायथ्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ३३ हजार व्होल्ट होते आणि तारांवरून सबस्टेशनला जाते.

आता मावशींची लाइट. हा प्रश्न मला गावोगाव विचारलाय, एकदा तर जीप अडवून. देशभरची जनित्रं एकाच जुवाला जुंपलेल्या बैलांसारखी असतात, सगळ्यांची चाल एक, सेकंदाला ५० आवर्तनं. जुन्या मशीनमधलं जनरेटर इंडक्शन जातीचं. त्याला स्वतःचं चुंबकत्व नसतं, ते ग्रिडकडून, म्हणजे या सगळ्यांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याकडून, उसनं घ्यावं लागतं. ग्रिडच्या तालाशी जुळणारा या जनरेटरचा वेग मिनिटाला १५०० फेरे. वाऱ्यानं याला १५१५ नं पळवलं की हा बैल पुढे सरला, जू ओढू लागला, वीज देऊ लागला. १४९० वर आला की मागे रेंगाळला, मग बाकीचे याला ओढतात. म्हणजे तेव्हा तो खरोखर भाचीच्या घरचा पंखा होतो आणि वीज खातो! तशी वेळ येण्याआधी कंट्रोलर त्याला सोडवतो.

मग ग्रिडच गेली तर? जूच तुटलं. चुंबकत्व गेलं, भार गेला, पाती मोकाट सुटायच्या आत मशीनला थांबावं लागतं. नव्या मशीनची तऱ्हा वेगळी, पण लाइन मेली असेल तर त्यांनीही वीज सोडायची नाही असाच नियम आहे, नाहीतर खांबावर चढलेला वायरमन मरेल. शिवाय पठारावरची वीज आधी सबस्टेशनला जाते आणि मावशींचं कनेक्शन असतं गावच्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून गावाकडे येणाऱ्या लाइनवर. नदीकाठच्या गावात नळाला पाणी नसतं, त्यातलंच हे.

चिंचेचं बोटूक (सोमवार, रात्री ९:४५)

बैलांचं उदाहरण!! दंडवत.

पण शेजारचे तीन बंद का, हे राहिलं. आणि वारा किती लागतो?

लोकेशन सतरा (सोमवार, रात्री १०:३०)

वारा सेकंदाला ३-४ मीटर झाला की मशीन सुरू, साधारण १२ च्या आसपास पूर्ण क्षमता, आणि २५ ला, म्हणजे ताशी ९० किलोमीटरला, बंद. जास्त वाऱ्यात जास्त वीज हा हिशेब तिथे संपतो, मशीन वाचवायचं असतं. पाती स्वतःभोवती वळून वाऱ्याला धार दाखवतात आणि वारा निसटून जातो.

तीन बंद असण्याची कारणं पन्नास. बेअरिंग, सेन्सर, फीडर ट्रिप, ग्रिडकडून 'कमी करा' असा निरोप. एक कारण मात्र सांगण्यासारखं आहे. नॅसेल वाऱ्याकडे तोंड करून फिरत असतं आणि जाड केबल त्याच्यासोबत टॉवरमध्ये लोंबत असतात. वारा एकाच बाजूनं वळत राहिला की नॅसेल दोन-तीन पूर्ण वेढे घेतं आणि आत केबलना वेणीसारखा पीळ बसतो. मग मशीन काम थांबवतं, उलटं फिरून पीळ सोडवतं आणि पुन्हा वाऱ्याकडे तोंड करतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टॉवरच्या आत शिडीवर होतो. केबल अंगाजवळून वळत होत्या. बाहेरून बघणारा म्हणणार, वारा आहे आणि हे येडं पाठ करून उभंय.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ८:००)

लोकेशन सतरा यांच्या ४४ मीटरच्या मशीनचं गणित करून बघितलं. घेरातलं क्षेत्रफळ १५२० चौरस मीटर. चाळकेवाडी हजार मीटरच्या वर आहे, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा टक्के विरळ, घनमीटरला १.१ किलो धरू. वाऱ्यातली ताकद म्हणजे निम्मी घनता गुणिले क्षेत्रफळ गुणिले वेगाचा घन. घन लक्षात घ्या, वर्ग नाही!

वारा ६ मीटर: वाऱ्यात १८० किलोवॅट. मशीननं त्यातलं ४० टक्के घेतलं तर ७२.
वारा १२ मीटर: वाऱ्यात १४४५, मशीनला ५७८.

वेग दुप्पट, वीज आठपट. ६०० किलोवॅटचं मशीन १२ मीटरला पूर्ण क्षमतेवर का येतं ते आपसूक निघालं. पाहणीला गेलेल्यानं वाऱ्याचा अंदाज दहा टक्के जास्त लावला की विजेचा अंदाज तेहेतीस टक्के चुकतो. पवनचक्कीच्या धंद्यात माणसं बुडतात ती या घनात.

फुकटचा सल्ला (मंगळवार, सकाळी ८:२५)

आणि ४० टक्केच का? बाकीचा ६० टक्के वारा कोण खातो? साठ टक्के म्हटलं की मला ठेकेदार आठवतो.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ८:५०)

या वेळी ठेकेदार निर्दोष आहे. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १९१९ मध्ये दाखवलं की कितीही उत्तम चक्की बनवा, वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त ताकद काढताच येत नाही. गणपतीच्या रांगेचा विचार करा. दर्शन झालेली माणसं तिथेच उभी राहिली तर मागची रांग ठप्प. वाऱ्यातली सगळी ताकद काढून घेतली तर तो पात्यामागे उभाच राहील, मग नवा वारा येणार कुठून? त्याला पुढे जाण्यापुरता जीव ठेवावा लागतो.

माणदेशी (मंगळवार, दुपारी १:१०)

ढगांच्या विषयावर सगळे हसून पुढे गेलात, म्हणून लिहितो. आमच्या माण-खटावात, तिकडे कवठेमहांकाळला, साक्रीकडेही लोक हे खरंच मानतात. माझ्या चुलत्यांच्या तोंडी अजून आहे: डोंगरावर पंखे आले आणि आमचा पाऊस गेला. मी बीएस्सी झालोय तरी त्यांना पटवू शकलो नाही. नेमकं काय सांगायचं?

आकडेमोड (मंगळवार, दुपारी २:००)

त्यांना एकच विचारा: बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या डोंगरावर पंखे होते? महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पहिली प्रायोगिक मशीनं आली तीच १९८६ मध्ये, ५५ किलोवॅटची. साताऱ्याच्या पठारांवर तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून. माणदेश पर्जन्यछायेत आहे तो सह्याद्रीमुळे. ढग घाट चढताना महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर ओततात आणि पलीकडे उतरताना कोरडे होतात, म्हणून तुमच्याकडे पाचशेच्या आसपास. मोसमी वाऱ्याचा थर किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा, आणि पंख्याचं टोक जमिनीपासून ७०-८० मीटरवर. त्याला अडवणं म्हणजे कृष्णेच्या पुरात काठीनं पाणी वळवणं.

माणदेशी (मंगळवार, रात्री ८:४०)

बहात्तरचं चुलत्यांना आत्ताच फोनवर विचारलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तवाचं येगळं हुतं."

पण मला वाटतं ढग हे निमित्त आहे. त्यांच्या सासुरवाडीचं रान डोंगरावर होतं, नाचणी-वरईसुद्धा धड न येणारा खडक. कोणी दलाल आला, एकरी काही हजारांत घेऊन गेला. वर्षभरात तिथे मशीन उभं. पातं नेताना वळणावरचा बांध फोडला, तो आजतागायत बांधला नाही. गावातल्या दोघांना वॉचमनची नोकरी, तीही ठेकेदाराकडे. वर्षाला लाखो युनिट त्यांच्या डोळ्यांदेखत तारेवरून निघून जातात. अशा माणसाला कोणी म्हटलं की यांनी तुझा पाऊसही नेला, तर तो विश्वास ठेवणारच. जमीन गेली, ती त्यानं स्वतः सही करून दिलीय, त्याबद्दल भांडता येत नाही. ढगांबद्दल येतं.

चिंचेचं बोटूक (मंगळवार, रात्री ९:००)

हे वाचून मघाचं हसू गिळलं.

लोकेशन सतरा (मंगळवार, रात्री १०:१५)

माणदेशी, खरंय. त्या काळची बरीच मशीनं विजेसाठी कमी आणि करासाठी जास्त लागली. पवनचक्की घेतली की पहिल्याच वर्षी ऐंशी टक्के घसारा दाखवता यायचा, म्हणजे तेवढी किंमत झिजली म्हणून नफ्यातून वजा करता यायची, २०१२ पर्यंत तो नियम होता. ज्याला नफा लपवायचाय त्यानं डोंगरावर मशीन घ्यायचं. मालकानं मशीन एकदाही पाहिलेलं नाही अशी उदाहरणं मी पाहिलीत. पुढे बिघडलं तर दुरुस्तीची घाई कोणाला? तीन बंद मशीनचं एक कारण हेही असू शकतं, ते मी वर लिहिलं नव्हतं.

लाखो युनिटचं मात्र बरोबर आहे. ६०० किलोवॅटचं मशीन वर्षभरात सरासरी वीस टक्के चाललं तरी साडेदहा लाख युनिट. महिना दोनशे युनिट जाळणारी सव्वाचारशेहून जास्त घरं. त्यातलं बरंचसं जून ते सप्टेंबरमध्येच. दिवाळीनंतर पठारावर आम्ही क्रिकेट खेळायचो.

उत्तरेचा (बुधवार, पहाटे २:३०)

डेन्मार्कमधून. इथे विजेतली निम्म्याहून जास्त आता वाऱ्याची असते. सुरुवात मात्र एका शिक्षकानं केली, पाउल ला कूर. १८९१ मध्ये आस्कोव या गावातल्या शाळेत पवनचक्कीवर वीज करायचा. वारा पडला की काय, हा प्रश्न त्यालाही होताच. त्यानं विजेनं पाण्यातून हायड्रोजन वेगळा करून टाकीत साठवला आणि त्यावर शाळेतले दिवे लावले. आज वारा पडला की नॉर्वेच्या धरणांची वीज येते.

मला नेहमी वाटतं, साताऱ्याला नॉर्वे शोधायला लांब जायला नको. वनकुसवड्याच्या पठारावर उभं राहिलं की खाली कोयनेचा शिवसागर. १९६० मेगावॅटचा प्रकल्प, आणि पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा. पावसाळ्यात वर पंखे जोरात असताना खाली पाणी राखावं, वारा पडला की दार उघडावं. सांगायला सोपं आहे, ग्रिड चालवणारे मला मारतील, पण जागा मात्र निसर्गानं शेजारी शेजारी दिल्यात.

सरडापुराण (बुधवार, सकाळी ११:००)

चाळकेवाडीचा धागा आणि सरड्याचा उल्लेख नाही? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर काम केलंय, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पंखे असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी. घारी-ससाणे फिरकत नाहीत म्हणून तिथे सरडे भरपूर. आणि निवांत! माणूस पार जवळ गेला तरी पळत नाहीत, रक्तातलं ताणाचं रसायनही कमी. पण गर्दी झाल्यामुळे खाण्याची ओढाताण, आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचा निळा-केशरी रंग फिका. म्हणजे पवनचक्की तिथे सगळ्यात मोठ्या शिकारी प्राण्याचं काम करते, फक्त खाल्ल्याशिवाय.

अवांतर: या सरड्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव 'सरडा सुपर्बा' आहे. लॅटिनमध्ये आपला मराठी सरडा, २०१६ पासून.

फुकटचा सल्ला (बुधवार, सकाळी ११:२०)

पंख्याखाली पंखेवाला सरडा. आता मी काही बोलत नाही.

ठोसेघरचा पाहुणा (रविवार, रात्री ८:१५)

आठवडाभर धागा भाचीला वाचून दाखवला. बैल तिला लगेच कळले, दर्शनाची रांग त्याहून लवकर. सरड्याची दोनदा वाचायला लावली.

शनिवारी गच्चीवर प्रयोग. आधी पुठ्ठ्याची सपाट पाती, खेळण्यातली मोटर, लाल एलईडी. ढिम्म. मग पीव्हीसी पाइप उभा चिरून तिरकी, बाकदार पाती कापली. फिरली छान, पण एलईडी काही लागेना. शेवटी भंगारातल्या प्रिंटरची मोटर काढून बसवली. पाचच्या सुमारास वारा सुटला आणि दिवा लुकलुकला. लागला म्हणत नाही, लुकलुकला. भाचीनं ओरडून सोसायटी गोळा केली.

लोकेशन सतरा, खेळण्यातल्या मोटरवर का नाही लागला?

लोकेशन सतरा (रविवार, रात्री ९:००)

अरे वा! ती मोटर मिनिटाला काही हजार फेऱ्यांसाठी बनवलेली असते, तुमच्या पात्यांना तेवढे झेपणार नाहीत. प्रिंटरची मोटर कमी फेऱ्यांतही पुरेसे व्होल्ट देते. गिअरबॉक्स का लागतो ते भाचीनं स्वतःच शोधून काढलं म्हणायचं.

लुकलुकतोय याचं कारण गच्चीवरचा वारा. इमारतींमुळे तो दर मिनिटाला दिशा बदलतो. मागे शेपूट लावलंय का?

ठोसेघरचा पाहुणा (रविवार, रात्री ९:०५)

नाही. ती स्वतःच हातात धरून वाऱ्याकडे वळतेय.